०.४७ अश्वशक्तीचा सर्व्हर

स्क्रूच्या डोक्यावर पहिला तपकिरी ठिपका नवव्या दिवशी सकाळी दिसला. टाचणीच्या टोकाएवढा, खाचेच्या डाव्या कडेला. दुसऱ्या बशीतला स्क्रू त्या दिवशीही स्वच्छ होता. मी वहीत लिहिलं, 'अ: नववा दिवस, एक ठिपका. ब: काही नाही,' आणि दोन्ही बशा पुन्हा खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवल्या.

शेजारच्या लिडिया रोज सकाळी कपडे वाळत घालताना त्या बशांकडे बघत असत. नवव्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

"मॅडम, हा तुमच्यातला कसला उपास आहे का?"

"नाही हो. वसईच्या हवेत कुठल्या कंप्युटरचा स्क्रू आधी गंजतो ते बघतेय."

"आणि मग?"

"मग ठरवणार कुठला घ्यायचा."

"स्क्रू?"

"कंप्युटर."

लिडियांनी हातातला कपडा दोरीवर टाकला. मग आत वळून नवऱ्याला म्हणाल्या, "प्लासिड, ऐकलं का? आपण फ्रीज घेताना नुसता रंग बघितला."

हे काम माझ्याकडे कसं आलं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचा सगळा प्रकार वेडेपणा वाटेल. तसा तो वाटला तरी माझी हरकत नाही. फक्त पद्धतशीर वेडेपणा वाटावा, एवढीच अपेक्षा आहे.

मी वसईच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आमचं एक विहीर मंडळ आहे. गेली चौदा वर्षं हे मंडळ तालुक्यातल्या दोनशे बारा विहिरींचं पाणी वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, बाटल्यांत भरून आणतं आणि मी त्यातलं मीठ मोजते. मंडळात अकरा माणसं. अध्यक्ष पांडुरंगकाका, होळी गावचे बागायतदार. त्यांची विहीर आमच्या यादीत एक्केचाळीस नंबरला आहे. केळी, दुधी आणि मोगरा हे सगळं तिच्याच पाण्यावर. चौदा वर्षांत त्या पाण्यातलं मीठ दुपटीहून जास्त वाढलं, कारण मागच्या अंगाला टँकरवाल्यांच्या बोअर आहेत. आता त्यांनी आणखी तीन बोअर खोदायची परवानगी मागितली होती आणि त्यावर १६ जून २००६ रोजी तहसील कचेरीत सुनावणी होती. टँकरवाल्यांच्या वकिलांचं म्हणणं एका ओळीचं होतं: होळीच्या विहिरी पहिल्यापासून खारटच. ह्याला उत्तर फक्त आमच्या वह्यांत होतं. आणखी तीन बोअर लागल्या तर मोगरा जाणार, हे कळायला रसायनशास्त्र लागत नाही. पांडुरंगकाकांनी पाणी चाखून ते केव्हाच सांगितलं होतं. पण कचेरीत जीभ पुरावा म्हणून दाखल करून घेत नाहीत.

वह्या चौदा वर्षांच्या होत्या. आता अकरा वर्षांच्या आहेत.

पहिल्या तीन वर्षांच्या नोंदी मागच्या वर्षी मी घरच्या कंप्युटरवर चढवल्या. कंप्युटर म्हणाला, झालं. मी शांतारामना विचारलं, "सीडीवर दुसरी प्रत काढलीत का?" शांताराम म्हणजे माझे यजमान, विमा कंपनीतून निवृत्त. पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणाले, "झालं." मग घरातली अडगळ कमी करावी ह्या सद्‌हेतूने त्यांनी त्या तीन वह्या रद्दीत घातल्या. त्याच दुपारी लाइट गेली. आल्यावर बघते तर ती फाइल उघडेना. सीडी कोरी. मी स्वतः रद्दीवाल्याकडे गेले. तोवर माझ्या वह्यांच्या पुड्या होऊन त्यांतून स्टेशनबाहेर शेंगदाणे विकले जात होते. पुढचे तीन दिवस मी शेंगदाणे विकत घेऊन पुड्या उलगडत होते. एकूण सात रीडिंग परत मिळाली. शेंगदाणे अजून डब्यात आहेत.

शास्त्राची माणसं चिडण्याआधी कारण शोधतात. मी ते शोधलं. (मग चिडले.) कारण असं निघालं: कंप्युटरच्या आत जी डिस्क असते, तिच्या पोटात एक छोटी तात्पुरती जागा असते. आपण लिहायला दिलेलं ती तिथे ठेवते आणि लगेच कळवते, 'लिहून झालं.' खऱ्या तबकडीवर ती सवडीने लिहिते. मधल्या वेळात लाइट गेली की तात्पुरतं ते सगळं जातं. म्हणजे डिस्क चक्क खोटं बोलते, तेही काम लवकर झाल्यासारखं दिसावं म्हणून. ही पद्धत मला ओळखीची वाटली. मी पेपरामागच्या शांतारामांकडे बघितलं. त्यांनी पान उलटलं.

तेव्हाच ठरवलं, उरलेली अकरा वर्षं ज्या मशीनवर जातील त्याची आधी मी परीक्षा घेणार. अकरा वर्षांच्या नोंदी टाइप करायला चार जण लागणार होते. चौघांचं लिखाण एकाच मशीनमध्ये जमा व्हायला हवं आणि कधीही कुठल्याही विहिरीचं नाव टाकलं की तिचा सगळा इतिहास समोर यायला हवा. अशा मशीनला सर्व्हर म्हणतात, हे मी मंडळाला फळ्यावर आकृती काढून समजावलं. पांडुरंगकाका म्हणाले, "म्हणजे विहीर एक, रहाट चार." माझ्या आकृतीपेक्षा हे बरं होतं. मी आकृती पुसली.

मंडळाच्या दृष्टीने मशीन कुठून घ्यायचं हा प्रश्नच नव्हता. पांडुरंगकाकांचा पुतण्या विपुल ह्याचं विरारला कंप्युटरचं दुकान आहे. विपुल माझाच विद्यार्थी. स्वभावाने गोड, उत्साही, आणि टायट्रेशन न करता रीडिंग लिहिणाऱ्यांपैकी. तो दुसऱ्याच दिवशी एक मशीन ट्रायलला म्हणून घरी ठेवून गेला. काळं चकचकीत, बाजूला काच आणि आत निळे दिवे.

"मॅडम, एकदम टॉप मॉडेल. गेमिंगला पण चालतं."

"मला विहिरींच्या नोंदी ठेवायच्या आहेत."

"मग तर उडेलच!"

"उडायला नको आहे, विपुल. त्याचीच तर भीती आहे."

दुसरा उमेदवार मी शोधला. ॲन्सेल्म हा वसईतला दुरुस्तीवाला. दुकान म्हणजे घराची पडवी. हा माणूस 'झालं' हा शब्द वापरत नाही. काहीही विचारलं की म्हणतो, "बघून सांगतो," आणि खरंच बघून सांगतो. लाइट गेली तरी लिहिलेलं जाता कामा नये, ही माझी अट ऐकून तो दोन दिवस विचार करत राहिला. मग कामणच्या एका गोदामात गेला. तिथे एका बंद पडलेल्या कंपनीचं सामान पडून होतं. त्यातून त्याने एक सर्व्हर आणला. रंग जुन्या हॉस्पिटलच्या भिंतीसारखा, वजन अडतीस किलो. आत दोन डिस्क, एक जे लिहील तेच दुसरी लिहिणार. मेमरी स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करणारी. आणि डिस्कच्या कार्डावर चक्क एक छोटी बॅटरी, म्हणजे लाइट गेली तरी हातातलं लिखाण सांभाळून ठेवणार. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. ॲन्सेल्म आणि प्लासिड ह्या दोघांनी तो चार मजले चढवला. प्रत्येक मजल्यावर दार उघडत गेलं.

"फ्रीज का?"

"नाही."

"मग कपाट?"

"नाही हो."

सुरू केल्यावर त्याचा आवाज असा आला की दुसऱ्या मजल्यावरची सुरुची गव्हाचा डबा घेऊन वर आली. "काकू, घरघंटी घेतलीत ना? जरा बारीक दळून द्या, पुऱ्यांना हवंय." मी तिला सर्व्हर दाखवला. तिने तो नीट बघितला आणि म्हणाली, "पण मग पीठ कुठून येतं?"

आता पैशाच्या बाजूचं. ठाण्याच्या एका न्यासाने मंडळाला साहित्यासाठी मदत देऊ केली होती. न्यास पाण्यासाठी काम करणारा, म्हणून अर्जही पाण्याचाच. मी स्वतः जाऊन कारकून बाईंना भेटले. त्यांनी यादीवरून बोट फिरवलं.

"सर्व्हर यादीत नाही. पंप आहे, पाइप आहे, रहाट आहे, बादली आहे."

"पण आम्हाला सर्व्हर हवा आहे."

"विजेवर चालतो ना?"

"हो."

"मग पंपात घाला. साहेबांचंही तेच म्हणणं पडेल."

मी खोटं लिहीत नाही. पण रकाना रिकामा सोडणंही मला जमत नाही. 'अश्वशक्ती' ह्या रकान्यात दोन्ही मशीनच्या वीजपुरवठ्यावरून, साडेतीनशे वॅट भागिले सातशे सेहेचाळीस, असा हिशोब करून मी ०.४७ लिहिलं. 'पाणी किती फूट उचलणार?' इथे शून्य लिहिलं. बाईंनी अर्ज परत केला.

"शून्य लिहिलं तर नामंजूर होतो. काहीतरी उचललं पाहिजे."

"माहिती उचलणार. चौथ्या मजल्यावर असतो तो."

बाईंनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतः 'चाळीस' लिहिलं. बाजूला मी कंसात 'माहिती' असं बारीक अक्षरात लिहिलं, म्हणजे माझ्यापुरती शुद्धता राहिली. पंधरा दिवसांत मंजुरीचं पत्र आलं. पंप उघड्यावर असल्यास त्यावर शेड घालावी, आणि कुणाकडून घेतला ते २५ मेपर्यंत कळवावं, अशा दोन अटी होत्या.

शेडची अट लिडियांनी आधीच पुरी केली होती. त्यांनी विपुलच्या मशीनसाठी क्रोशाचं, झालर लावलेलं कव्हर विणून आणलं. टीव्ही, मिक्सर, फोन सगळ्यांना कव्हर आहे, मग ह्यानेच काय पाप केलंय, असा त्यांचा सवाल होता. मी आभार मानून घातलं. संध्याकाळपर्यंत मशीनच्या पोटातलं तापमान एकसष्ट अंशांवर गेलं. कव्हर काढून मी मिक्सरला घातलं. मिक्सरला आधीच एक होतं. आता त्याला दोन आहेत.

मुख्य परीक्षा लाइटची. ॲन्सेल्मने एक छोटा प्रोग्राम लिहून दिला. प्रत्येक मशीन एक, दोन, तीन असे आकडे डिस्कवर लिहीत जाणार. जो आकडा 'लिहून झाला' असं डिस्क म्हणेल, तो नणंदेकडून आणलेला लॅपटॉप टिपून ठेवणार, कारण त्याला स्वतःची बॅटरी आहे. लाइट जाऊन आली की दोघांचे आकडे ताडून बघायचे. लॅपटॉपकडे पाच हजार आणि डिस्कवर चार हजार नऊशे ऐंशी असले, तर डिस्क वीस वेळा खोटं बोलली. शाळकरी पोरालाही कळेल असा प्रयोग आहे. मी प्लग ओढायला निघाले तर विपुलने हात मध्ये घातला.

"मॅडम, हे फेअर नाही. प्लग खेचला तर कुठलंही मशीन मरेल. आपल्याकडे लाइट जशी जाते, तशी जाऊ दे."

हरकत बरोबर होती. आपल्याकडे लाइट एकदम जात नाही. आधी मंद होते, एकदा जाते, येते, मग विचार करून पुन्हा जाते. तेव्हा आमच्या भागात भारनियमन होतं. दुपारी दोन ते चार आणि संध्याकाळी सहा ते आठ, छापील वेळापत्रकाप्रमाणे. मी वीस एप्रिल, गुरुवार, दुपारी दोन ही वेळ ठरवली आणि मंडळाला बोलावलं.

पावणेदोनला हॉलमध्ये पंधरा माणसं होती. पांडुरंगकाका टोपी मांडीवर ठेवून पुढे बसले होते. दोन वाजले. पंखा फिरत होता. दोन दहा. अडीच. आमच्या इमारतीतल्या कुणालाही आठवत नव्हतं की ह्या वर्षात दुपारी अडीचला पंखा कधी फिरला होता. लोक माझ्याकडे बघू लागले, जणू पाहुणा बोलावून तो आला नाही तर दोष माझा. मी वीज कार्यालयाला फोन लावला.

"नमस्कार. एक तक्रार नोंदवायची आहे."

"लाइट गेली का?"

"नाही."

"मग?"

"गेली नाही, हीच तक्रार आहे. वेळापत्रकात दोन आहे. आता अडीच वाजले."

पलीकडून तोंडावर हात ठेवून कुणालातरी सांगितलेलं स्पष्ट ऐकू आलं, "अरे, एक बाई विचारतेय, लाइट का नाही गेली. प्रेसवाली असेल." मग मोठ्याने, "मॅडम, बघतो हां. आता घालवतो."

तीन वाजेपर्यंत वाट बघितली. मंडळ चहा पिऊन उठलं. मी दोन्ही मशीन बंद केली. चार वाजता लाइट गेली. नुसती आमची नाही, आजूबाजूच्या सगळ्या इमारतींची, आणि रात्री दहापर्यंत आली नाही. त्या दिवशी दोन मालिकांत दोन लग्नं होती. कुठल्याशा बाईने फोन करून लाइट घालवायला सांगितली, ही बातमी आठच्या सुमारास जिन्याने वर आली. शांतारामनी दार उघडलं आणि माझ्या वतीने म्हणाले, "बघतो, कोण आहे ती." त्यांच्या खोटं बोलण्याचा मला उपयोग झाला, असा तो एकच प्रसंग.

पुन्हा सगळ्यांना शनिवारी बोलावलं. ह्या वेळी दोनच्या ठोक्याला लाइट गेली. पंखा थांबला. ट्यूबलाइट विझली. आणि दोन्ही मशीन तशीच चालू राहिली.

निळे दिवे शांतपणे पेटलेले, घरघंटी घरघरतेय.

"बघा!" विपुल उठून उभा राहिला. "माझं मशीन लाइटशिवाय पण चालतं!"

दोन-तीन जणांनी टाळ्या वाजवल्या. पांडुरंगकाकांच्या चेहऱ्यावर पुतण्याचा अभिमान स्पष्ट दिसत होता. मी गुडघ्यांवर बसले आणि वायर धरून मागे मागे जाऊ लागले. वायर कपाटामागून खिडकीबाहेर गेली, लिडियांच्या दोरीवरून एका उशीच्या अभ्र्याखालून पुढे, आणि सोसायटीचे सेक्रेटरी श्रीपतराव ह्यांच्या गॅलरीत उतरली. श्रीपतराव तिथेच उभे होते. चेहऱ्यावर, उपकार करून तो लपवणाऱ्या माणसाचं हसू.

"वहिनी, तुम्ही बोलला नाहीत. पण त्या दिवशी तुमची फजिती बघवली नाही. इन्व्हर्टरची लाइन दिली तुम्हाला. आता तुमच्या कंप्युटरला कधीच त्रास होणार नाही."

"पण श्रीपतराव, मला त्याला त्रास द्यायचा आहे."

"म्हणजे?"

"लाइट गेल्यावर काय होतं, तेच बघायचं आहे."

"अहो, लाइट जाऊ नये म्हणूनच तर लोक इन्व्हर्टर घेतात!" आणि ते गॅलरीतून आत गेले. पुढच्या मीटिंगच्या वृत्तांतात 'काही सभासद सोयी नाकारून अडचणी मागून घेतात' असं वाक्य आहे. त्यात नाव नाही, पण मजला दिला आहे. वायर कुणाच्या परवानगीने आत आली, असं मी शांतारामना विचारलं. श्रीपतरावांनी म्हणे त्यांना तीनदा विचारलं होतं, "वहिनींना सांगितलंत ना?" आणि हे म्हणाले होते, "झालं."

तिसऱ्या प्रयत्नापासून सगळं सुरळीत झालं. बारा दिवस, दिवसाला दोनदा, चोवीस वेळा लाइट गेली आणि मी चोवीस वेळा आकडे ताडून बघितले. ॲन्सेल्मचं मशीन चोवीस वेळा खरं बोललं. विपुलचं पंधरा वेळा खोटं बोललं, आणि सर्वांत वाईट वेळी त्याने बावीस आकडे खाल्ले. मध्ये विपुलने येऊन एक सेटिंग बदललं. डिस्कला सांगितलं, तात्पुरती जागा वापरू नकोस. डिस्क म्हणाली, ठीक, बदललं. त्या संध्याकाळी तिने आणखी सात आकडे खाल्ले. सेटिंग बदलल्याचंही ती खोटंच सांगत होती. एखाद्या यंत्राबद्दल मला इतका वैयक्तिक राग पूर्वी कधी आला नव्हता.

म्हणजे पाच मेला उत्तर हातात होतं. आणि इथे माझ्या शिस्तीला न शोभणारी गोष्ट सुरू होते. मी ते कुणाला सांगितलं नाही.

मी स्वतःला सांगितलं की हवेतली आर्द्रता वाढते आहे, तेव्हा आणखी एक फेरी घ्यावी. घेतली. मग वाटलं, उकाड्याचाही परिणाम असेल, आणखी एक. स्क्रूच्या नोंदीही चालूच होत्या. 'अ'चं, म्हणजे विपुलच्या मशीनच्या स्क्रूचं, डोकं आता पूर्ण तपकिरी होतं. ह्या काळात पांडुरंगकाकांच्या पत्नी सुशीलाताई दर दोन दिवसांनी कुणाच्या तरी हाती पिशवी पाठवत होत्या. कधी केळी, कधी दुधी, वर मोगऱ्याची ओंजळ. पिशवीबरोबर एकच निरोप, "विपुलच्या मशीनचं काय ते बघा, बाई." त्या घरात माझ्यासाठी राखून ठेवलेली एक खास बशी आहे. चौदा वर्षं मी त्यांच्या ओट्यावर बसून त्यांच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरलं आहे. त्यांच्या पुतण्याने मनापासून, नफा न घेता दिलेलं मशीन खोटारडं आहे, हे मी कुठल्या तोंडाने सांगायचं? माझ्या प्रयोगशाळेत नापास पोराला नापास म्हणताना मला कधी घाम फुटला नाही. पण त्या पोरांच्या काकूने मला दुधी पाठवलेला नसतो.

शांतारामना सगळं कळत होतं. एका दुपारी ते पेपर खाली ठेवून म्हणाले, "किती फेऱ्या झाल्या?"

"छत्तीस."

"उत्तर बदललं का?"

"नाही."

"मग आता सदतिसाव्यांदा तू काय मोजणार आहेस?"

निवृत्तीनंतर माणूस असा एखादा नेमका प्रश्न विचारू लागतो, हे मला माहीत नव्हतं. मी लॅपटॉप बंद केला.

शेवटी एकवीस मेचा रविवार उजाडला. मंडळाची सभा होळीला, पांडुरंगकाकांच्या अंगणात. न्यासाला चार दिवसांत कळवायचं होतं, टाइप करायला तीन आठवडे लागणार होते, आणि सुनावणीला सव्वीस दिवस उरले होते. ह्या हिशोबात आणखी एक फेरी कुठेच बसत नव्हती, तरी मी ती बसवायचा प्रयत्न करत होते. विपुल बिलबुक घेऊन आला होता. त्याने पेनचं टोपण काढून ठेवलेलं मला दिसत होतं. ॲन्सेल्म कोपऱ्यात, बघून सांगण्यासारखं काही नसल्यामुळे गप्प. सुशीलाताईंनी सगळ्यांना चहा दिला. माझ्या कपाखाली ती खास बशी होती.

"हां बाई," पांडुरंगकाका म्हणाले. "मशीन कुठलं?"

"काका, दोन्हींचा अभ्यास चालू आहे. आर्द्रतेचा मुद्दा बघता आणखी एक फेरी घेतली तर..."

"किती फेऱ्या झाल्या?"

"छत्तीस," शांताराम म्हणाले. एरवी नको तिथे खोटं बोलणारा माणूस.

पांडुरंगकाकांनी कप खाली ठेवला. थोडा वेळ विहिरीकडे बघत राहिले.

"बाई, दोन हजार साली तुम्ही इथंच, ह्या ओट्यावर बसून मला सांगितलं, काका, तुमच्या विहिरीत मीठ वाढतंय, मोगऱ्याचं क्षेत्र कमी करा. आमची ही रडली. मी तुमच्याशी महिनाभर बोललो नाही. आठवतं?"

"आठवतं."

"तेव्हा किती फेऱ्या घेतल्या होत्या?"

"एकच. तीन बाटल्यांची."

"एका फेरीत तुम्ही माझी विहीर नापास केली. तोंडावर. म्हणून मी मोगरा अर्धा केला आणि तो अर्धा आज जिवंत आहे. सोळा तारखेला कचेरीत माझी उरलेली बाग तुमच्या आकड्यांवर उभी राहायची आहे. आणि आता तुम्ही ह्याला घाबरता?" त्यांनी विपुलकडे अंगठा केला. "हा पाच वर्षांचा असताना मी ह्याला ह्याच विहिरीत ढकलून पोहायला शिकवलंय. तो बुडत नाही. सांगा."

"काका, पण," विपुल म्हणाला.

"तू गप. बाई सांगतायत."

सुशीलाताई किटली हातात धरून दारात थांबल्या होत्या. मी कप आणि बशी दोन्ही बाजूला ठेवली आणि उभी राहिले. निकाल मी बसून सांगत नाही.

"ॲन्सेल्मचं मशीन घ्यायचं," मी म्हणाले. "विपुलचं नाही. ते खोटं बोलतं."